कारखाना शेजारी, दवाखाना लांब: नाशिक जिल्ह्यातल्या गावांसाठी आपत्कालीन तयारीचे प्रश्न

इगतपुरी, सिन्नर, दिंडोरी, निफाड, नांदगाव या तालुक्यांतल्या ग्रामसभांत आणि आशाताईंच्या बैठकांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं गावाच्या बाजूने लिहिली आहेत. कारखान्याच्या सेफ्टी ऑफिसरला यातलं बरंचसं माहीत असतं, पण ते कुंपणाबाहेर येत नाही, ही खरी अडचण आहे.

आमच्या गावाला खरंच धोका आहे, की उगाच भीती घालताय?

१ जानेवारी २०२३ रोजी इगतपुरी तालुक्यात मुंढेगावजवळच्या प्लास्टिक फिल्म बनवणाऱ्या कारखान्यात स्फोट होऊन आग लागली आणि कामगारांचे जीव गेले. मे २०२५ मध्ये त्याच ठिकाणी पुन्हा मोठी आग लागली. ती विझवायला काही दिवस गेले. आसपासच्या वाड्या-पाड्यांवरच्या लोकांना हे सांगावं लागत नाही, धुराचे लोट त्यांनी घराच्या ओट्यावरून पाहिले आहेत.

मुंढेगावापुरतीच ही गोष्ट नाही. सातपूर-अंबड तर शहरातच आलं, पण गोंदे-वाडीवऱ्हे, सिन्नरची माळेगाव आणि मुसळगाव वसाहत, दिंडोरीत तळेगाव-अक्राळे ही सगळी ठिकाणं शेतांना आणि वस्त्यांना लागून आहेत. मनमाडजवळ पानेवाडी परिसरात तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत आणि मुंबईहून मनमाडला येणारी तेलवाहिनी जिल्ह्यातून जाते. पिंपळगाव, निफाड, दिंडोरी पट्ट्यात शीतगृहं आहेत, पाणीपुरवठ्याच्या केंद्रांवर क्लोरीनचे टनर, म्हणजे मोठे सिलिंडर, आहेत, आणि मुंबई-आग्रा रस्त्यावरून रात्रंदिवस टँकर धावतात.

आमचं मत विचाराल तर आडवळणाच्या गावाला सगळ्यात जास्त धोका मोठ्या नावाच्या कारखान्याचा नाही. तिथे निदान स्वतःचा बंब असतो, तपासणी होते. धोका जास्त आहे तो उलटलेल्या टँकरचा आणि ज्याची कुणी मोजदादच करत नाही अशा लहान साठ्याचा.

कारखाना काय साठवतो हे विचारायचा आम्हाला हक्क आहे का? गेटवरचा वॉचमन आत सोडत नाही.

हक्क आहे. भोपाळमध्ये २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री जे घडलं, त्यानंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात नवं प्रकरण घातलं गेलं. त्यातलं कलम ४१ ब सांगतं की धोकादायक प्रक्रिया चालवणाऱ्या कारखान्याने आपत्कालीन आराखडा तयार करायचा आणि अपघात झाल्यास काय काळजी घ्यायची हे कामगारांना आणि परिसरात राहणाऱ्या लोकांना कळवायचं. लोकांनी मागितलं तर द्यायचं असं त्यात नाही, आपणहून कळवायचं आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली, पण हे कर्तव्य तिच्यातही आहे. घातक रसायनांविषयीच्या १९८९ च्या केंद्रीय नियमांतही, ज्यांना झळ बसू शकते त्यांना माहिती देण्याचा स्वतंत्र नियम आहे.

वॉचमनशी वाद घालून काही हाती लागत नाही. ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर कारखान्याच्या भोगवटादाराला, म्हणजे कायद्याने जबाबदार असलेल्या मालकाला, पत्र लिहा. प्रती औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला आणि प्रांताधिकाऱ्यांना द्या. पत्रात ढोबळ 'माहिती मिळावी' असं लिहू नका. नेमकं विचारा: कोणतं रसायन, जास्तीत जास्त किती साठा, गळती झाली तर किती अंतरापर्यंत परिणाम, भोंग्याचा अर्थ काय, आणि रात्री दोन वाजता फोन कोण उचलणार. उत्तर मराठीत हवं असंही लिहा, नाहीतर इंग्रजीतलं ऐंशी पानांचं बाड येतं आणि ते कपाटात जातं.

ऑनसाइट आणि ऑफसाइट प्लॅन म्हणजे काय?

कुंपणाच्या आत काय करायचं ते ऑनसाइट. हा आराखडा कारखाना करतो आणि दर सहा महिन्यांनी त्याची रंगीत तालीम घ्यावी लागते. कुंपणाबाहेर, म्हणजे तुमच्या गावात काय करायचं, ते ऑफसाइट. तो जिल्हा प्रशासन करतं, कारखान्याने त्यासाठी माहिती पुरवायची असते, आणि वर्षातून किमान एकदा तालीम घ्यायची असते.

बहुतेक ठिकाणी ऑनसाइट तालीम होते. फोटो निघतात, बक्षिसं वाटली जातात. ऑफसाइट तालीम झालीच तर ती गेटसमोरच्या रस्त्यावर थांबते आणि मागच्या पाड्याला दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातून कळते.

यात सरपंचाचं काय काम? ते तर सरकारी लोकांचं काम आहे.

रासायनिक अपघातांविषयी १९९६ चे स्वतंत्र केंद्रीय नियम आहेत. त्यांनुसार केंद्र, राज्य, जिल्हा आणि स्थानिक अशा चार पातळ्यांवर आपत्ती गट असतात. जिल्हा गटाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, स्थानिक गटाचे अध्यक्ष उपविभागीय दंडाधिकारी, म्हणजे आपले प्रांत. स्थानिक गटात कारखाना निरीक्षक, अग्निशमन अधिकारी, पोलीस ठाण्याचे अधिकारी, गटविकास अधिकारी, आरोग्य अधिकारी, रसायनांची वाहतूक करणारे, स्थानिक डॉक्टर, समाजसेवक, अगदी स्थानिक वृत्तपत्राचा संपादकसुद्धा सदस्य असतो. त्याच यादीत कारखान्याजवळच्या गावाचा सरपंच किंवा लोकनेता आहे.

म्हणजे सरपंच तिथे पाहुणा म्हणून जात नाही, तो गटाचा सदस्य असतो. स्थानिक गटाने दर महिन्याला भेटायचं आणि दर सहा महिन्यांनी प्रत्यक्ष जागेवर पूर्ण तालीम घ्यायची, असं नियम सांगतात. जिल्हा गटाची बैठक दर ४५ दिवसांनी.

ग्रामसभेत एकच प्रश्न विचारून पाहा: 'आपल्या भागाच्या स्थानिक आपत्ती गटाची शेवटची बैठक कधी झाली आणि इतिवृत्त कुठे आहे?' उत्तर आलं तर उत्तम. शांतता पसरली तर ठराव करा आणि प्रांत कार्यालयात आवक शिक्का मारून द्या. शिक्क्याची प्रत जपून ठेवा, पुढे हीच उपयोगी पडते.

शेजारी कोल्ड स्टोरेज आहे. तिथे अमोनिया आहे म्हणतात. हे नियम त्याला लागतात का?

इथेच मेख आहे. घातक रसायनांच्या नियमांत प्रत्येक पदार्थाची मर्यादा ठरवलेली आहे. अमोनियाची खालची मर्यादा ६० टन, क्लोरीनची १० टन. साठा त्याच्या वर गेला की कारखाना अतिधोकादायक गणला जातो आणि ऑफसाइट आराखड्यात येतो. द्राक्षं, डाळिंबं ठेवणाऱ्या शीतगृहात एवढा अमोनिया बहुधा नसतोच. म्हणून ते यादीत नसतं आणि त्यामुळे गावाचा आराखडाही नसतो. पण थोडा अमोनिया सुटला तरी शेजारच्या वस्तीतल्या माणसाचे डोळे आणि फुप्फुसं होरपळायला तो पुरतो. वायू मर्यादा वाचून पसरत नाही.

म्हणून कायदा सांगत नसला तरी शेजारी म्हणून मालकाला भेटा. थंडाव्यासाठी अमोनिया वापरता की फ्रिऑनसारखा दुसरा वायू, एवढंच आधी विचारा. अमोनिया असेल तर छतावर विंडसॉक, म्हणजे वाऱ्याने फुगणारी कापडी नळी, लावायला सांगा, म्हणजे वारा कुठे वाहतोय ते वस्तीवरूनही दिसेल. ऑपरेटरचा नंबर घ्या आणि तुमच्या पोलीस पाटलाचा नंबर कॉम्प्रेसर रूमच्या दारावर लिहून ठेवायला लावा. शीतगृहवाला बहुतेक गावातलाच, नात्यागोत्यातला असतो. हे काम चहावर होतं, त्यासाठी ठराव लागत नाही.

वास आला किंवा भोंगा वाजला. पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं?

आधी वारा बघा. झाडाचा शेंडा, शाळेचा झेंडा, चुलीचा धूर, काहीही चालेल. काहीच नसेल तर चिमूटभर माती सोडून बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वाऱ्याच्या दिशेने पळू नका, वायूही त्याच दिशेने तुमच्या मागे येतो. वाऱ्याला आडवं निघा, म्हणजे वारा तुमच्या एका गालावर लागला पाहिजे. ढगाच्या पट्ट्यातून बाहेर पडल्यावर मग वारा जिकडून येतोय तिकडे वळा. कारखाना वाऱ्याच्या तोंडाला असेल तर त्याच्याकडे सरळ धावत जाण्यात अर्थ नाही, तसंच पाठ दाखवून सरळ पळण्यातही नाही.

दुसरं, खोलगट भागात उतरू नका. क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड आहे, एलपीजीही हवेपेक्षा जड. ते ओहोळ, नाला, खड्डा शोधत खाली जातात. आपल्याकडच्या पाड्यांची पायवाट नेमकी ओहोळाच्या कडेने असते, म्हणून हे आधीच ठरवून ठेवावं लागतं. अमोनिया एरवी हलका, पण टाकीतून थंडगार सुटलेला पांढऱ्या धुक्यासारखा जमिनीलगत पसरतो, तेव्हा 'हलका आहे, वर जाईल' या भरवशावर राहू नका. हिवाळ्यातली रात्र आणि पहाट सगळ्यात वाईट. निफाडच्या पट्ट्यात गारठा जमिनीशी दबून बसतो तसा वायूही बसतो, आणि गार हवा उतारावरून जशी खाली सरकते तशी त्यालाही घेऊन जाते. भोपाळची रात्रही डिसेंबरचीच होती.

ओलं फडकं नाकातोंडावर धरा. अमोनिया पाण्यात चटकन विरघळतो, त्यामुळे तिथे फडक्याचा चांगला उपयोग होतो. क्लोरीनलाही थोडा. आगीच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला मात्र फडकं अडवत नाही, तिथे लांब जाणं हाच उपाय.

गॅससारखा वास असेल तर चूल विझवा, विजेचं बटण चालू करू नका आणि बंदही करू नका, मोटारसायकलला किक मारू नका. डिसेंबर २०२४ मध्ये जयपूरजवळ अपघातात गॅसचा टँकर फुटला, गॅस रस्त्यावर पसरला आणि पेटला. त्यात आसपासच्या गाड्यांमधली माणसं होरपळली. अशा वेळी गाडीत बसून निघण्यापेक्षा पायी जाणं बरं.

आणि बघायला जाऊ नका. आपल्याकडे आग लागली की अर्धं गाव मोबाइल वर करून बांधावर उभं राहतं. गॅसच्या टाकीला आगीची धग लागत असेल तर ती फुटू शकते आणि तिचे तुकडे शेकडो मीटर उडतात. पेटलेल्या टँकरपासून दीड किलोमीटरपेक्षा जास्त लांब राहा, असं आपत्कालीन मार्गदर्शिका सांगतात.

पण टीव्हीवर सांगतात की घरात थांबा, दारं-खिडक्या बंद करा. मग कुणाचं ऐकायचं?

घर कसलं आहे त्यावर ठरतं. स्लॅबचं, खिडक्या घट्ट लागणारं घर असेल आणि गळती थोड्या वेळाची असेल, तर आत थांबणं शहाणपणाचं. फटींत ओले कपडे कोंबा, पंखा बंद ठेवा, जिथे खिडकी कमी त्या खोलीत बसा.

पण कुडाच्या भिंतीचं, कौलारू किंवा पत्र्याचं घर बंद करणार कसं? कौलांच्या फटीतून आभाळ दिसतं, तिथे वायूही येणारच. बाहेरून आलेले सल्लागार बंगल्याचा विचार करून सल्ला देतात, आणि पेठ-इगतपुरीतल्या पाड्यावर तो फसतो. म्हणून प्रत्येक पाड्याने आपली एक पक्की इमारत हेरून ठेवावी. शाळेची स्लॅबची खोली, समाजमंदिर, अंगणवाडी, जे असेल ते. तिथल्या खिडक्यांच्या काचा शाबूत आहेत का बघा. रुंद चिकटपट्टी, पाण्याचे दोन ड्रम, बॅटरी तिथेच ठेवा. किल्ली एकाकडे नको, तिघांकडे हवी. गुरुजी तालुक्याच्या गावी राहतात आणि शाळेला कुलूप, ही परिस्थिती सगळ्यांना ठाऊक आहे.

आणि अशी इमारतच नसेल तर तुमच्यासाठी 'आत थांबा' हा पर्याय नाही. निघण्याची वाट दोन बाजूंनी ठरवा, वारा पश्चिमेचा असेल तर एक, पूर्वेचा असेल तर दुसरी. पावसाळ्यात ओढा वाहतो तेव्हा त्यातली एक बंद असणार आहे हेही त्यात धरा.

भोंगा आमच्यापर्यंत ऐकूच येत नाही.

ऐकू आला तरी अर्थ कळत नाही, हीही तक्रार आहे. शिफ्टचा भोंगा, तालमीचा आणि खऱ्या संकटाचा यात फरक असतो आणि तो कारखान्यागणिक बदलू शकतो. तो विचारून शाळेच्या भिंतीवर लिहा.

विशाखापट्टणमला ७ मे २०२० च्या पहाटे स्टायरीन वायूची गळती झाली तेव्हा कारखान्याचा भोंगा वाजवलाच गेला नव्हता, असं चौकशीत पुढे आलं. लोक झोपेत सापडले. म्हणून भोंग्यावर एकट्यावर विसंबू नये. नाशिक जिल्ह्यातल्या बऱ्याच गावांत ग्रामसुरक्षा यंत्रणा आहे. एका फोनवरून गावातल्या सगळ्या नोंदवलेल्या मोबाइलवर एकाच वेळी निरोप जातो. चोरी, बिबट्या, आग यासाठी लोक ती वापरतातच, वायुगळतीसाठीही वापरा. कारखान्याच्या शिफ्ट इनचार्जचा नंबर त्या यंत्रणेत नोंदवून घेता येतो का, हे पोलीस ठाण्यात विचारा.

जिथे रेंज नाही तिथे मंदिराची घंटा, मशिदीचा किंवा देवळाचा लाउडस्पीकर, दवंडी. एक सूर ठरवा आणि तो फक्त संकटासाठी राखा. वीज गेल्यावर लाउडस्पीकर चालतो का, हे मात्र करून बघा.

द्राक्षाच्या हंगामात बाहेरून मजूर येतात. त्यांचं काय?

हा प्रश्न क्वचितच कुणी विचारतं, पण आमच्या मते यादीत वर असायला हवा. सुरगाणा, पेठ, कळवण भागातली कुटुंबं छाटणीला आणि काढणीला दिंडोरी-निफाडला उतरतात आणि मळ्यात पालं ठोकून राहतात. त्यांची नावं गावाच्या मतदारयादीत नसतात, ग्रामसुरक्षा यंत्रणेत नंबर नसतात, आणि गावची पक्की इमारत कुठली हे त्यांना माहीत नसतं. पाल म्हणजे प्लास्टिक आणि साड्या. त्यात काय थांबणार?

मळेवाल्याने हंगामाच्या सुरुवातीला मुकादमाचा नंबर पोलीस पाटलाकडे द्यावा आणि पहिल्या दिवशी मजुरांना निघायची वाट चालून दाखवावी. कोकणा किंवा वारली बोलणाऱ्या आजीबाईला माइकवरची पुस्तकी मराठी पटकन कळेलच असं नाही. तिच्या टोळीतल्या पोरीला सांगून ठेवा.

घाटात टँकर उलटला तर?

कसाऱ्याच्या घाटापासून चांदवडपर्यंत हा प्रश्न प्रत्येक गावाचा आहे. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून इगतपुरी-सिन्नरच्या गावांना दुसरा मोठा रस्ताही शेजारी आला.

टँकरच्या मागे आणि बाजूंना माहितीचा फलक असतो आणि त्यावर चार अंकी आकडा असतो. १२०३ म्हणजे पेट्रोल, १०७५ एलपीजी, १००५ अमोनिया, १०१७ क्लोरीन. लांबून तो आकडा वाचता आला आणि ११२ वर सांगता आला, तर बंबवाले योग्य तयारीने येतात. मोबाइलचा कॅमेरा झूम करून वाचा, जवळ जाऊन नको. फलकावर कंपनीचा तातडीचा फोनही असतो.

सांडलेलं तेल भरून घ्यायला कॅन घेऊन धावणं, हे आपल्याकडे अजूनही होतं. फुकटचं दिसलं की मोह होतो, कबूल. पण पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि ठिणगी कुठूनही येते, अगदी प्लास्टिकच्या कॅनवर साठलेल्या स्थिर विजेतूनही. पोलीस पाटलाने इथे काठी घेऊन उभं राहायला हरकत नाही.

आमच्या शेतातून तेलाची पाइपलाइन गेली आहे. नांगरता येतं का?

येतं. १९६२ च्या पाइपलाइन कायद्यानुसार त्या पट्ट्यात पूर्वीसारखी शेती करता येते. घर, विहीर, टाकी, तलाव बांधता येत नाही आणि झाडं लावता येत नाहीत. जेसीबी लावण्याआधी खांबावरच्या नंबरवर फोन करा. रात्री अनोळखी माणसं त्या पट्ट्यात खोदताना दिसली तर स्वतः जाब विचारायला जाऊ नका, पोलिसांना कळवा. तेलचोर वाहिनीला भोक पाडतात आणि धोका त्या शेतकऱ्याच्या वस्तीला होतो.

दवाखाना लांब आहे. रुग्णवाहिका येईपर्यंत काय?

१०८ ला फोन करा आणि येईपर्यंत हे करा. माणसाला स्वच्छ हवेत आणा. रसायन लागलेले कपडे काढा, डोक्यावरून ओढू नका, कापा. डोळे आणि कातडी भरपूर साध्या पाण्याने किमान १५ मिनिटं धुवा. भाजलं असेल तर गार पाणी, टूथपेस्ट-हळद-शाई नको. रसायन पोटात गेलं असेल तर उलटी करवू नका, मिठाचं पाणी पाजू नका. दम लागत असेल तर बसतं ठेवा, झोपवू नका.

क्लोरीनसारख्या वायूचा त्रास काही तासांनीही वाढू शकतो. 'आता बरं वाटतंय' म्हणून घरी नेलेला माणूस रात्री अत्यवस्थ होतो, तेव्हा डॉक्टरांनी बघितल्याशिवाय सोडू नका.

खरी तयारी आधीची आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना शेजारच्या कारखान्यातली रसायनं माहीत आहेत का, ऑक्सिजनचे सिलिंडर भरलेले आहेत का, हे विचारा. कारखान्याने प्रत्येक रसायनाचं सुरक्षा माहितीपत्रक ठेवलेलं असतं, त्याची प्रत केंद्रात असायला हवी. सुरगाण्याहून नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात पोहोचायला घाटरस्त्याने किती वेळ जातो हे तुम्हाला ठाऊक आहे. पहिला उपचार जवळच झाला पाहिजे.

गुरांचं काय करायचं?

दावी सोडा आणि निघा. गोठ्यात बांधलेलं जनावर हमखास सापडतं, मोकळं सुटलेलं बहुधा वाट काढतं. त्यांना हाकत बसू नका. गळफास न बसणारी, एका झटक्यात सुटणारी गाठ रोजच वापरली तर त्या रात्री अडत नाही.

आग विझली. आता विहिरीचं पाणी प्यायचं का? द्राक्षावर काजळी बसली आहे.

लगेच नको. आग विझवताना जे पाणी वापरतात ते रसायन आणि राख घेऊन ओढ्याला मिळतं. इगतपुरीत हे पाणी दारणेच्या खोऱ्यात जातं, म्हणजे खालच्या गावांनाही कळवायला हवं. तपासणी होईपर्यंत टँकरचं पाणी मागा. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाणी तपासून मिळतं, पण नेहमीची तपासणी जंतू, क्षार वगैरेंची असते. जळालेल्या मालाचं नाव महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवून त्यानुसार चाचणी मागा. उकळून रसायन जात नाही, हे आज्यांना आवर्जून सांगा.

पिकाचे फोटो तारखेसह काढा, तलाठी आणि कृषी सहायकाकडून पंचनामा करून घ्या, आणि तोपर्यंत बाग धुऊ नका. निर्यातीचा माल असेल तर निर्यातदाराला आपणहून सांगा. लपवलं आणि नमुन्यात सापडलं तर पुढच्या हंगामाचा दरवाजा बंद होतो.

नुकसानभरपाई मिळते का? वकील लावायला पैसे नाहीत.

१९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा यासाठीच आहे. घातक पदार्थ हाताळणाऱ्या उद्योगाने विमा काढायचा आणि अपघातात बाहेरच्या माणसाचा मृत्यू, इजा किंवा मालमत्तेचं नुकसान झालं तर मदत द्यायची. चूक कुणाची हे तुम्ही सिद्ध करायचं नसतं. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, अपघातापासून पाच वर्षांच्या आत. वकील लागत नाही. ही मदत घेतली म्हणून कोर्टात जास्त भरपाई मागायचा हक्क जात नाही, तेव्हा 'यावर सही करा, विषय संपला' असं कुणी म्हणत असेल तर सही करू नका. कारखान्यातल्या कामगारांसाठी कामगार भरपाईचे आणि विम्याचे कायदे वेगळे आहेत.

गावाजवळ नवा प्रकल्प येतोय. आता काही करता येईल का?

हीच वेळ आहे. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार बऱ्याच मोठ्या प्रकल्पांना जाहीर सुनावणी लागते. ती प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं, जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी अध्यक्ष असतात, आणि किमान ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते. अहवालाचा मसुदा लोकांना बघायला ठेवलेला असतो. त्यातलं जोखमीचं प्रकरण उघडा आणि बघा की तुमच्या पाड्याचं नाव नकाशावर आहे का. बरेचदा महसुली गाव असतं, पाडा नसतो. सुनावणीत भाषण ठोकण्यापेक्षा 'अमुक पाडा गेटपासून एवढ्या अंतरावर आहे, अहवालात नाही' हे लेखी दिलेलं जास्त चालतं, कारण इतिवृत्तात नोंद घ्यावी लागते. पेठ, सुरगाणा, कळवण पूर्ण आणि इगतपुरी, दिंडोरीसारख्या तालुक्यांचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, तिथे पेसा कायद्याने, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींसाठीच्या कायद्याने, ग्रामसभेला जास्तीचं बळ दिलं आहे.

एक पळवाट लक्षात ठेवा. आधीच पर्यावरण मंजुरी मिळालेल्या औद्योगिक वसाहतीत येणाऱ्या प्रकल्पाला वेगळी सुनावणी लागत नाही. वसाहतीलगतच्या गावांनी म्हणून वसाहत मंजूर होतानाच बोलावं.

कंपनीचे साहेब म्हणतात, लोकांना सांगितलं तर घबराट होईल.

घबराट होते ती काय करायचं माहीत नसल्याने. साहेबांना चहाला बोलवा आणि त्यांचं स्वतःचं क्वार्टर कारखान्यापासून किती लांब आहे, एवढं विचारा.

सिंहस्थात काय वेगळं?

२०२७ च्या स्नानपर्वणीच्या दिवसांत रस्ते वळवलेले असतील, पोलीस आणि रुग्णवाहिका बऱ्याचशा नाशिक-त्र्यंबकेश्वरकडे लागलेल्या असतील. त्या दिवसांत तालुक्यात कोणता बंब राहणार आहे आणि टँकर कुठल्या गावातून वळवणार आहेत, हे तहसील कार्यालयात आधीच विचारून ठेवा.

भिंतीवर कोणते नंबर रंगवायचे?

११२ सगळ्यासाठी, १०१ अग्निशमन, १०८ रुग्णवाहिका, १०७७ जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष, १९०६ घरगुती गॅसगळती. त्याखाली कारखान्याच्या कंट्रोल रूमचा, पोलीस पाटलाचा आणि शाळेची किल्ली असलेल्या तिघांचे. ऑइल पेंटने रंगवा, कागद पहिल्या पावसात जातो. आणि पाड्यावर रेंज कुठल्या झाडाखाली मिळते ते प्रत्येक गावात पोरांना पाठ असतं, बाण काढून तेही तिथेच लिहा.